लसाविची घाई

सहावीच्या वर्गात लसावि, म्हणजे दिलेल्या सगळ्या संख्यांनी भाग जाणारी लहानात लहान संख्या, शिकवून व्हायला फार वेळ लागत नाही. एका तासिकेत व्याख्या आणि दोन सोपी उदाहरणं, पुढच्या तासिकेत उभी मांडणी. डावीकडे मूळ संख्या लिहायची, जिला भाग जातो तिला भागायचं, जिला जात नाही ती तशीच खाली उतरवायची आणि शेवटी डावीकडच्या व खाली उरलेल्या सगळ्या संख्यांचा गुणाकार करायचा. गृहपाठाला दहा-पंधरा उदाहरणं. उत्तरं बरोबर येतात आणि धडा पुढे सरकतो. माझं म्हणणं असं आहे की ही रीत शाळेत फार लवकर येते आणि तिच्या आधी जे घडायला हवं ते घडतच नाही. पाचवी-सहावीत उभी मांडणी निदान काही आठवडे पुढे ढकलावी. तोवर मुलांना विभाज्यांच्या, म्हणजे एकेका संख्येच्या पटींच्या, याद्या करू द्याव्यात, त्या याद्या एकमेकींशेजारी ठेवून त्यांत काय दिसतं ते शोधू द्यावं. आणि परीक्षेत या कामाला पूर्ण गुण मिळावेत.

घाईचा पहिला परिणाम शाब्दिक उदाहरणांत दिसतो. रीत हातात आहे पण ती कुठे लावायची ते कळत नाही, म्हणून मग शब्दांच्या खुणा पाठ करून घेतल्या जातात. ‘कमीत कमी’, ‘लहानात लहान’, ‘पुन्हा एकाच वेळी’ असं दिसलं की लसावि. ‘जास्तीत जास्त’, ‘मोठ्यात मोठा’ दिसलं की मसावि, म्हणजे दिलेल्या सगळ्या संख्यांना जिने भाग जातो अशी मोठ्यात मोठी संख्या. शिष्यवृत्तीची तयारी करून घेणाऱ्या अनेक वर्गांत हेच सांगितलं जातं, आणि पर्यायांत गोल रंगवायचा असल्याने बऱ्याच वेळा ते चालूनही जातं. आता हे उदाहरण बघा. एक कागद ३६ सेंमी लांब आणि २४ सेंमी रुंद आहे. काहीही वाया न घालवता त्याचे सारख्या मापाचे चौरस कापायचे आहेत. कमीत कमी किती चौरस होतील? खुणेवर चालणारं मूल ‘कमीत कमी’ वाचतं, लसावि काढतं आणि ७२ लिहितं. खरं तर चौरसांची संख्या कमी हवी तर चौरस मोठ्यात मोठा हवा, म्हणजे बाजू मसाविएवढी, १२ सेंमी. आणि चौरस होतात ६. हाच कागद आणि कात्री हातात दिली असती तर त्या मुलाने बहुधा बरोबर उत्तर काढलं असतं. उदाहरण सोडवताना त्याने कागद मनात आणलाच नाही, फक्त शब्द शोधला. असं करायला आपणच त्याला शिकवलेलं आहे.

दुसरं उदाहरण एसटी स्टँडवरचं. इथे मी जरा थांबणार आहे, कारण लसावि म्हणजे काय हे इथे जितकं उघड होतं तितकं पुस्तकातल्या ठरावीक वेळाने वाजणाऱ्या घंटांच्या उदाहरणात होत नाही.

एका गावाची बस दर ४० मिनिटांनी सुटते, दुसऱ्या गावाची दर ६० मिनिटांनी. सकाळी ६ वाजता दोन्ही एकदम सुटल्या. पुन्हा एकदम केव्हा सुटतील? लसावि १२०, म्हणून ८ वाजता. हे पुस्तकी उदाहरण झालं आणि ते कोणीही सोडवेल. आता एवढाच बदल करा: पहिली बस ६ वाजता सुरू होते आणि दुसरी ६ वाजून १० मिनिटांनी. दोन्ही एकदम केव्हा सुटतील? लसावि अजूनही १२०च आहे. मुलं १२० मध्ये १० मिळवतात, किंवा ८ वाजताच असं सांगतात, किंवा गप्प बसतात. ज्याने रीतच शिकली त्याच्याजवळ इथे करण्यासारखं काहीच नाही.

याद्या केलेल्या मुलाजवळ मात्र आहे. तो लिहायला लागतो. पहिली बस ६.००, ६.४०, ७.२०, ८.००, ८.४०. दुसरी ६.१०, ७.१०, ८.१०, ९.१०. थोडा वेळ लिहिल्यावर त्याच्या लक्षात येतं की दुसरी बस कायम तासाला १० मिनिटं झाली की सुटते आणि पहिलीच्या वेळांत १० कधी येतच नाहीत. तिथे फक्त ००, ४० आणि २० येतात. म्हणजे या दोन बस दिवसभरात एकदम सुटणारच नाहीत. शाळेच्या गणितात ‘असं कधी होणार नाही’ हे उत्तर मुलाच्या वाट्याला फार क्वचित येतं, आणि ते स्वतः शोधून सिद्ध करण्याची संधी त्याहून क्वचित. आता दुसरी बस ६.१० ऐवजी ६.२० ला सुरू करा. ती ७.२० ला पुन्हा सुटते आणि पहिली बसही ७.२० ला आहेच. त्यानंतर ९.२०, ११.२०, दर १२० मिनिटांनी. लसावि इथे परत आला, पण तो पहिली भेट सांगत नाही. एकदा भेट झाली की पुढच्या भेटी किती अंतराने होतील ते सांगतो.

मग वर्गात कोणीतरी विचारतंच की १० मिनिटं चालत नाहीत आणि २० चालतात, ते का? ४० आणि ६० दोन्ही २० च्या पाढ्यातले. दोन्ही बस २०-२० मिनिटांच्याच टप्प्यांवर चालतात. सुरुवातीचा फरक २० च्या पाढ्यातला असेल तर भेट होईल, नसेल तर होणार नाही. हा २० म्हणजे मसावि. सहावीचं मूल फक्त वेळापत्रक लिहून इथवर येऊ शकतं. लसावि आणि मसावि यांना पुस्तकात शेजारी का बसवलं आहे, हेही त्याला तेव्हा कळतं. एरवी ती सारखी वाटणारी आणि एकमेकांत मिसळणारी दोन नावं एवढंच राहतात.

अशा प्रश्नांचा शोध आपल्याकडे जुना आहे. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने लिहिलेल्या ग्रंथात कुट्टकाची रीत येते. एका संख्येने भागल्यावर अमुक बाकी आणि दुसरीने भागल्यावर तमुक बाकी उरते, तर ती संख्या कोणती, असा तिचा विषय आहे. एसटीचा प्रश्न हाच आहे: ४० ने भागल्यावर बाकी शून्य, ६० ने भागल्यावर बाकी २०. उत्तर ८०, म्हणजे ६ वाजल्यापासून ८० व्या मिनिटाला. कुट्टकाची पूर्ण रीत शाळेत शिकवा असं मी म्हणत नाही. पण ज्या प्रश्नातून ती जन्मली तो प्रश्न दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या आवाक्यात आहे आणि आपण तो त्यांच्यापासून दूर ठेवतो, याचं मला वाईट वाटतं.

कोणी म्हणेल, हे हुशार मुलांसाठी ठीक आहे, बाकीच्यांना रीत बरी. मला नेमकं उलट वाटतं, आणि या लेखाचा हा सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा आहे. उभी मांडणी पूर्णपणे भागाकारावर उभी आहे. ग्रामीण भारतातल्या मुलांना वाचन आणि गणित किती येतं याची पाहणी ‘असर’ या नावाने होते. तिच्या २०२४ च्या अहवालात पाचवीतल्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येणारी मुलं जेमतेम ३० टक्क्यांच्या आसपास आहेत. म्हणजे पाचवी संपवून सहावीत येणाऱ्या दर तीन मुलांतल्या साधारण दोघांचा भागाकार कच्चा आहे. अशा वर्गात लसाविचा धडा भागाकारानेच सुरू केला तर ही दोन मुलं पहिल्याच दिवशी बाहेर राहतात. ती शेजारच्याचं बघून उतरवतात, कारण त्यांच्यापुढे दुसरी वाटच नसते.

त्याच मुलांना ८ च्या ओळीत ८ मिळवत जा आणि १२ च्या ओळीत १२ मिळवत जा असं सांगा. ८, १६, २४, ३२. १२, २४, ३६. २४ दोन्हीकडे आहे हे दिसायला भागाकार लागत नाही. बेरीज येणारं प्रत्येक मूल लसाविपर्यंत पोचतं. मग त्या मुलाला विचारा, २४ च्या पुढे दोन्हीकडे येणारी संख्या कोणती? ४८. त्यापुढे? ७२. ही सगळी २४ च्याच पाढ्यात आहेत हे त्याला दिसतं, आणि २४ मध्ये ८ किती वेळा व १२ किती वेळा हे सांगता सांगता भागाकारही हळूहळू आत येतो. भागाकार पक्का झाल्याशिवाय लसावि नाही, ही अट उलटवता येते: लसाविच्या कामातून भागाकार पक्का करता येतो.

यासाठी नवं साहित्य लागत नाही. आपल्याकडे पाढे आहेतच. चार एके चार, चार दुणे आठ, चार त्रिक बारा. सहा एके सहा, सहा दुणे बारा. पाढा ही विभाज्यांची तोंडपाठ यादी आहे, पण शाळेत तिचा उपयोग फक्त ‘सात सक किती?’ एवढ्यापुरता उरला आहे. दोन मुलांनी दोन पाढे शेजारी शेजारी लिहावेत, सारख्या संख्यांना गोल करावा, दोन गोलांमधलं अंतर मोजावं, एवढंच करायचं आहे. जुन्या शाळांत पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, दिडकी, अडीचकीसुद्धा पाठ असायची. दिडकी म्हणून बघा: दीड, तीन, साडेचार, सहा, साडेसात. अडीचकी: अडीच, पाच, साडेसात. दीड तासाने आणि अडीच तासाने घ्यायच्या दोन औषधांची वेळ साडेसात तासांनी जुळते. हेच उभ्या मांडणीत घालायला गेलात तर आधी सगळं अर्ध्या तासांत बदलून घ्यावं लागेल. यादीला पूर्णांक आहे की अपूर्णांक याचं काही घेणंदेणं नसतं. हे पाढे परत पाठ करायला लावा असा माझा आग्रह नाही, पण सहावीच्या वर्गात एखादा दिवस दिडकी आणि अडीचकी फळ्यावर लिहायला काय हरकत आहे?

यावर पहिला रास्त आक्षेप मोठ्या संख्यांचा येतो. १४४ आणि १८० चा लसावि यादीने काढत बसायचं का? हो, एकदा काढून बघायला हरकत नाही. दोन्ही याद्या लिहायची गरज नाही, फक्त मोठ्या संख्येची लिहायची आणि प्रत्येक वेळी लहानीने भाग जातो का ते पाहायचं. १८० ला १४४ ने भाग जात नाही, ३६० ला नाही, ५४० ला नाही, ७२० ला जातो, बरोबर ५ वेळा. चार पायऱ्यांत काम झालं. ते चारच पायऱ्यांत का झालं? कारण दोघांचा मसावि ३६ आणि १४४ मध्ये ३६ चार वेळा जातात. सामाईक भाग जितका मोठा तितकी भेट लवकर. १६ आणि १५ घेतले तर सामाईक असं काही नाहीच, तिथे १६ च्या पाढ्यात पंधराव्या पायरीपर्यंत, २४० पर्यंत, जावं लागेल. असं दोनतीनदा केल्यावर मुलं स्वतःच विचारतात की आधी सामाईक भाग काढून घेतला तर? उभी मांडणी तेव्हा आणावी. तोवर तिची गरज मुलांना भासलेली असते. तिची प्रत्येक पायरी म्हणजे सामाईक भाग बाजूला काढणं, हेही त्यांना समजलेलं असतं.

एरवी त्या मांडणीत मुलं काय चुका करतात ते पाहण्यासारखं आहे. ६, १० आणि १५ चा लसावि काढा म्हटलं की तिन्हींना भाग जाईल अशी संख्या सापडत नाही. ‘सामाईक नाही’ म्हणून काही मुलं तिथेच थांबतात आणि तिन्हींचा गुणाकार ९०० लिहितात. उत्तर ३० आहे. तिन्हींना नसला तरी दोघादोघांना सामाईक भाग आहे: ६ आणि १० मध्ये २, ६ आणि १५ मध्ये ३, १० आणि १५ मध्ये ५. दोन संख्यांचा गुणाकार बरोबर त्यांचा मसावि गुणिले लसावि, हे सूत्रही मुलं इथे लावून बघतात आणि फसतात, कारण ते दोन संख्यांपुरतंच खरं आहे. १५ च्या यादीत ३० अगदी दुसऱ्या क्रमांकावर उभे आहेत. यादी लिहिणारा इथे चुकूच शकत नाही.

आता अपूर्णांकांकडे येतो, कारण शाळेत लसाविचा खरा वापर तिथे होतो आणि खरा त्रासही तिथेच होतो. ५/१२ आणि ७/१८ यांची बेरीज करायची. छेदांचा लसावि ३६; १५/३६ आणि १४/३६, बेरीज २९/३६. आता एखाद्या मुलीने दोन्ही छेदांचा सरळ गुणाकार घेतला, २१६. तिचे झाले ९०/२१६ आणि ८४/२१६, बेरीज १७४/२१६, आणि तिने ६ ने संक्षेप देऊन २९/३६ लिहिलं. तिचं काहीही चुकलेलं नाही. तरी अशा पेपरवर ‘लसावि घेतला नाही’ म्हणून लाल शेरा आणि कमी झालेला गुण मी पाहिलेला आहे. हा अन्याय आहे. बसच्या पुस्तकी उदाहरणात लहानात लहान विभाज्य हवा, कारण प्रश्नच पुढच्या पहिल्या भेटीचा आहे. अपूर्णांकांच्या बेरजेत मात्र कोणताही सामाईक विभाज्य चालतो; लहानात लहान घेतला तर आकडे आटोक्यात राहतात इतकंच. प्रश्नाची गरज आणि आपली सोय यांतला हा फरक शिकवला जात नाही, आणि मुलांना वाटतं की अपूर्णांकांच्या बेरजेला लसावि हा नियमच आहे.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये हे फार नेमकं सांगितलं आहे. लीलावती या ग्रंथात समच्छेदाच्या, म्हणजे छेद सारखे करण्याच्या, श्लोकात ते आधी सरळ रीत देतात: दोन अपूर्णांकांचे छेद एकमेकांच्या अंश-छेदांना गुणायचे, की समच्छेद झाला. मग लगेच म्हणतात, किंवा दोन्ही छेदांना सामाईक भागाने आधी भागून घ्यावं आणि आलेल्या लहान संख्यांनी बुद्धिमानाने गुणावं. आधी सर्वांना जमेल अशी रीत, नंतर चतुराईची, आणि दोन्ही मान्य. पुढे दिलेली उदाहरणंही त्या बेताची आहेत. पहिल्यात ३, १/५ आणि १/३ यांची बेरीज आहे. तिथे नुसता गुणाकार पुरतो, ५ आणि ३ मध्ये सामाईक काही नाही. दुसऱ्यात १/१४ मधून १/६३ वजा करायचे आहेत. सरळ गुणाकाराने छेद ८८२ होतो. ७ हा सामाईक भाग आधी काढला तर १४ चे २ आणि ६३ चे ९ उरतात, छेद १२६ वर येतो, ९/१२६ वजा २/१२६, म्हणजे ७/१२६, म्हणजे १/१८. चतुर रीतीचा फायदा कुठे आहे हे उदाहरणच दाखवून देतं. चाळीसगावजवळच्या पाटण गावात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे. महाराष्ट्रात गणित शिकवणाऱ्यांना हा क्रम कुठून उसना आणायला नको.

उभी मांडणीही परकी नाही, हे इथेच सांगायला हवं. इ. स. ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला. छेदांचे सगळे सामाईक भाजक आणि शेवटी उरलेले भागाकार यांचा गुणाकार केला की ‘निरुद्ध’ मिळतो, असं त्यात सांगितलं आहे. हा निरुद्ध म्हणजेच आपला लसावि आणि ही रीत म्हणजे आज फळ्यावर होते तीच. साडेअकराशे वर्षांहून जास्त टिकलेल्या या रीतीबद्दल मला आदरच आहे. ती अपूर्णांकांच्या प्रकरणात आलेली आहे, म्हणजे अनेक छेद हाताळावे लागणाऱ्याचं काम हलकं करायला. ज्याने अजून दोन पाढे शेजारी ठेवून पाहिले नाहीत त्याच्यापुढे ती ठेवली की तिचं मोलच कळत नाही.

विभाज्यांचा विचार मुलांच्या आजूबाजूला जागोजागी पडलेला आहे. पंचांग घ्या. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, सौरवर्ष सुमारे ३६५ दिवसांचं. दोन्हींची चाल पुन्हा कधी जुळते? १९ सौरवर्षांत आणि २३५ चांद्रमासांत दिवस जवळजवळ सारखेच येतात, सुमारे ६९४०. १९ वर्षांचे बारा-बारा धरून २२८ महिने होतात, उरलेले ७ अधिक महिने. म्हणून २००४ मध्ये अधिक श्रावण होता आणि तो २०२३ मध्ये परत आला. २००७ चा अधिक ज्येष्ठ २०२६ मध्ये. म्हणून एकोणिसाव्या वाढदिवसाला तिथी आणि तारीख पुन्हा एकत्र येतात किंवा एखाद्या दिवसाने चुकतात. घरी पंचांग असलेलं कोणतंही मूल हे आपल्या भावंडांच्या जन्मतारखांवर तपासू शकतं. तबला शिकणाऱ्या मुलीला विचारा, सात मात्रांचा बोल सोळा मात्रांच्या तीनतालात न थांबता वाजवत राहिलं तर तो समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, पुन्हा केव्हा येईल? ११२ मात्रांनी: बोल १६ वेळा, आवर्तनं ७. ती हे हातांनी करून दाखवेल. शाळेच्या आवारात एखादी सायकल उलटी ठेवा. पायडलजवळच्या दातेरी चकतीला ४४ दाते असले आणि मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीला, फ्रीव्हीलला, १८, तर दोघांच्या वरच्या दात्यावर खडूची खूण करून पायडल फिरवा. दोन्ही खुणा पुन्हा एकदम वर यायला पायडलच्या ९ फेऱ्या लागतील, कारण ३९६ दोघांच्या यादीत आहेत. यंत्रांत एकमेकांवर फिरणाऱ्या गिअरना सामाईक भाजक नसलेल्या संख्येचे दाते मुद्दाम देतात, ते यासाठी की तेच दोन दाते वारंवार एकमेकांवर घासू नयेत आणि झीज सगळ्यांवर वाटली जावी. तिथे लसावि मोठा असण्यात फायदा आहे.

यातलं काही वरून यायला सुरुवातही झाली आहे. एनसीईआरटी या राष्ट्रीय पातळीवर पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या संस्थेच्या सहावीच्या नव्या ‘गणित प्रकाश’ या पुस्तकात मूळ संख्यांचं प्रकरण इडली-वड्याच्या खेळाने सुरू होतं. मुलं गोलात बसून आकडे म्हणतात, ३ च्या पटीला ‘इडली’, ५ च्या पटीला ‘वडा’, आणि दोन्हींच्या पटीला ‘इडली-वडा’. पहिला ‘इडली-वडा’ पंधराला येतो, लसावि हे नाव उच्चारायच्या आधीच. पण पुस्तकात खेळ असून पुरत नाही. तो एका तासिकेत उरकून दुसऱ्या दिवशी उभी मांडणी आली तर सगळं पूर्ववत होईल. पाठ्यक्रम संपवायचा असतो, घटक चाचणी डोक्यावर असते, एका शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता असतात, ही अडचण खरी आहे आणि ती शिक्षकांच्या माथी मारून चालणार नाही. म्हणून माझी मागणी शिक्षकांकडे नाही, प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांकडे आहे. परीक्षेत जे विचारलं जातं त्यालाच वर्गात वेळ मिळतो.

‘उभ्या मांडणीने लसावि काढा’ या प्रश्नाचे गुण कमी करा. बसच्या दोन वेगळ्या सुरुवातींसारखा एक प्रश्न घाला, ज्यात ‘कधीच नाही’ हेही बरोबर उत्तर असेल आणि कारण लिहायला गुण असतील. अपूर्णांकांच्या बेरजेत कोणताही सामाईक छेद चालेल असं गुणदानाच्या सूचनांत स्पष्ट लिहा. आणि एक प्रश्न उलट्या दिशेने विचारा: ज्यांचा लसावि ३६ आहे अशा दोन संख्यांच्या जितक्या सापडतील तितक्या जोड्या शोधा.

हा शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात मागे पडणाऱ्या मुलालाही लगेच काहीतरी मिळतं. ३६ आणि १, ३६ आणि २, ३६ आणि ३. ३६ च्या प्रत्येक विभाजकाबरोबर ३६ स्वतः बसतो, अशा ९ जोड्या होतात. मग शोध लागतो तो ३६ नसलेल्या जोड्यांचा. वर्गाने मिळून शोधलं तर त्या फक्त ४ सापडतात: ४ आणि ९, ४ आणि १८, १२ आणि ९, १२ आणि १८. पुन्हा पुन्हा शोधूनही पाचवी मिळत नाही. प्रत्येक जोडीत एकीकडे ४ किंवा १२ आणि दुसरीकडे ९ किंवा १८ च का येतात, ६ का चालत नाही, हे मुलं विचारू लागतात. एकीकडे दोन वेळा २ लागतात, दुसरीकडे दोन वेळा ३ लागतात, आणि ६ मध्ये दोन्ही एकेकदाच आहेत. मूळ अवयव पाडायला शिकवायचं असेल तर ते त्या दिवशी शिकवावं.